चाल कोणाची

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कोणी विचारलं नाही म्हणून नव्हे, विचारलं तेव्हाही टाळलं. आधी वडील आहेत म्हणून, मग वडील गेले म्हणून, मग आता जुनं उकरून कोणाचं भलं होणार म्हणून. कारणं बदलत गेली, गप्प राहणं तेवढं तसंच राहिलं.

यंदा डिसेंबर आला आणि खोताच्या वाडीत पुन्हा तारे लागले. बांबूच्या काड्यांचे, पतंगाच्या कागदाचे, पोटात दिवा असलेले. चष्मा बदलायला मी गिरगावात गेलो होतो, पण पाय वाडीकडे वळले. माझ्या मित्राच्या, लॉरीच्या, घराच्या लाकडी जिन्यावर त्याची मुलगी रिटा तारा बांधत उभी होती. तोंडात सुतळी होती, म्हणून आधी तिने नुसता हात केला.

"अंकल, बरं झालं आलात," सुतळी काढून ती म्हणाली. "पप्पांचं शेवटचं रेकॉर्डिंग आहे ना, तुमच्या ढोलकीचं, ते नाताळात चर्चमध्ये ऐकवणार आहोत. पण चाल कोणाची म्हणून सांगायचं? लालबागचे लोक म्हणतात तुमची. पप्पा कधी बोललेच नाहीत."

"सांगतो," मी म्हणालो. "घरी जाऊन फोन करतो."

एका शब्दाचं उत्तर होतं. जिन्याच्या कठड्याला हात लावून मी उभा होतो आणि तो शब्द तोंडात होता. तरी मी तिला तारा सरळ करायला मदत केली, चहा घेतला आणि परत आलो. लालबागच्या एका कार्यक्रमात याच चालीसाठी मला शाल दिलेली आहे. ती घरी कपाटात घडी करून ठेवली आहे. अंगावर मी ती कधी घेतली नाही, पण परतही केली नाही.

लॉरी म्हणजे लॉरेन्स. माझी त्याची ओळख दादरच्या एका हॉलातली. कॉलेजांची गाण्याची स्पर्धा होती. त्याचा ड्रमवाला ऐन वेळी आला नाही, आणि मी आमच्या कॉलेजच्या लोकगीतासाठी ढोलकी घेऊन विंगेत उभा होतो. लांब केसांचा हा पोरगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बॉस, इंग्लिश गाण्यावर वाजवशील?"

"मला इंग्लिश येत नाही."

"तुला कोण विचारतंय? ढोलकीला येतं का बघू."

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एक बाई तर कानावर हात ठेवून बसल्या होत्या. पण त्या दिवसापासून मी लॉरीच्या रॉक बँडमधला एकुलता एक धोतरवाल्यांच्या घरातला माणूस झालो, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याची गिटार गिरगावातल्या एका सुताराने सागवानात करून दिलेली. इतकी जड, की दोन गाणी झाली की लॉरीचा खांदा उतरायचा. गाणी तो स्वतः लिहायचा आणि चाली स्वतः लावायचा. बंदरात उभ्या बोटींवर, रविवारच्या दुपारच्या कंटाळ्यावर, वांद्र्याच्या एका मुलीवर. ती मुलगी खरोखर होती का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्न त्याने माझगावच्या मुलीशी केलं.

डिसेंबर म्हटला की माझ्या डोक्यात एकच डिसेंबर येतो. संपाचा.

गिरणगावात जो वाढला त्याला शांतता म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. त्या हिवाळ्यात भोंगे बंद होऊन बराच काळ लोटला होता. धुराड्यांच्या तोंडाशी कावळे बसायचे. हवेतला तेला-कापसाचा वास गेला आणि त्याच्या खाली दडलेले बाकीचे वास सुटे झाले. कोणाकडे सुकट भाजली, कोणाकडे नुसतीच फोडणी दिली, कोणाकडे काहीच शिजलं नाही, हे चाळीच्या गॅलरीतून चालताना कळायचं. कळलं तरी कोणी बोलायचं नाही. चाळीतली निम्मी माणसं कोकणात गावी निघून गेली होती. जे उरले ते पुरुष दिवसाढवळ्या घरात, आणि दिवसाढवळ्या घरात कसं बसायचं हे त्यांना माहीत नव्हतं. माझे वडील दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे, जसे काही आत्ता निघणारच आहेत.

वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय त्याचा आवाज जमिनीला टेकत नाही. संप लांबला तसे वडील आईकडे कणीक मागेनासे झाले. आई नाही म्हणाली नसती. पण त्यांनी पखवाज खुंटीला लावला आणि वर जुनं धोतर टाकलं. मला नुकतीच नोकरी लागली होती, चूल त्यावर चालत होती. मुलाच्या जिवावर आणलेलं पीठ चामड्याला कसं फासायचं, असं त्यांना वाटलं असणार. 

लॉरी अधूनमधून चाळीत यायचा. माझ्या वडिलांशी त्याचं फार जमायचं. तो 'काका' म्हणायचा, ते त्याला 'गिटारी' म्हणायचे. एकदा त्याने खुंटीवरच्या पखवाजाकडे बघून विचारलं, "काका, हा झोपला काय?" वडील म्हणाले, "संपावर आसा."

त्याच दिवसांत लॉरी इंग्रजी सोडून मराठीकडे वळत होता. घरात ते लोक मराठीच बोलायचे, त्यांची स्वतःची, जुन्या मुंबईची मराठी. पण चर्चमध्ये नाताळला सगळी गाणी इंग्रजी, नाहीतर इंग्रजीवरून उचललेली. लॉरी म्हणायचा, "सद्या, माझी आय देवाशी मराठीत भांडते आणि गाणं मात्र इंग्लिशमध्ये म्हणते. हे काय झेंगट आहे?" त्याला नाताळसाठी एक मराठी गाणं करायचं होतं. मारिया आणि योसेफ गावात निवारा शोधत दारोदार फिरतात, त्याचं. शब्द झाले होते. चाल अडली होती.

ती सुटली तेव्हा मी तिथे होतो.

रविवारची सकाळ होती. लॉरीची आई स्वयंपाकघरात फुग्यांचं पीठ फेटत होती. फुगे म्हणजे त्यांचे तळलेले गोळे, मैद्यात नारळाचं दूध घालून केलेले. ते पीठ चमच्याने ढवळून चालत नाही, हाताने उचलून पातेल्यात आपटावं लागतं. आँटींचे दंड जाड होते आणि आपटण्याला त्यांची स्वतःची लय होती. दोनदा सावकाश, मग एक जोराचा, मग श्वास. लॉरी गिटारीवर डोकं टेकून बसला होता. एकदम ओरडला, "आये, थांबू नको! तशीच मार!"

"येडा झाला का रं? हात दुखतान माजे."

"मार गं. सद्या, पकड ते."

मी आँटींच्या हाताबरोबर ढोलकीवर ठेका धरला आणि लॉरीने त्यावर गायला सुरुवात केली.

*ठाव द्या, ठाव द्या, थकली आमची माय*

चाल वर चढत नव्हती. ती दार ठोठावायची, थांबायची, पुढच्या दाराशी जायची. तिसऱ्या दाराशी आवाज जरासा फाटायचा, आणि ते फाटणंच त्यातली खरी जागा होती. आँटींनी पीठ आपटणं थांबवलं. हात तसेच पिठाचे ठेवून त्या म्हणाल्या, "आता कोन दार नाय उघडनार?" आणि लॉरीला पिठाच्या हातांनीच कुरवाळलं. त्याच्या लांब केसांना मैदा लागला. आम्ही तिघं खूप हसलो. पहिल्या घाण्याचे फुगे मी गरम गरम खाल्ले, जीभ भाजेपर्यंत.

ही त्या चालीची जन्मकथा. दुसरी नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. मोरीत पाय धुताना मी गुणगुणत होतो. वडील चौकटीला टेकून उभे होते. त्यांची बोटं चौकटीवर हलली.

"परत म्हण," ते म्हणाले.

मी म्हटली. शब्दांशिवाय.

"खयसून हाडलंस रे ही चाल?"

आमच्याकडच्या डबलबारीच्या भजनात दोन बुवा समोरासमोर बसतात आणि ज्याच्याकडे नवी चाल, त्याच्याकडे लोक वळतात. चाल कुठूनही येते. सिनेमातून, बँडवाल्याकडून, शेजारच्या चाळीतून. ती कोणाची, हे आमच्यात कोणी विचारत नाही. जो ती मांडतो, ती त्याची. ही आमची रीत, आणि लहानपणापासून मी तीच पाहत आलो होतो. म्हणून तेव्हा मला आपण काही वाईट करतोय असं वाटलंही नाही.

"अशीच सुचली," मी म्हणालो.

वडिलांनी बोटं चौकटीवरून काढली. आत वळून आईला म्हणाले, "गे, वायच कणीक दी."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग परातीतल्या पिठातून एक गोळा तोडला, पाणी लावून मऊ केला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी धोतर बाजूला केलं, पखवाज मांडीवर घेतला. डाव्या तोंडाला कणीक थापली. पहिली थाप पडली आणि समोरच्या खोलीतला माणूस दारात आला. मग त्याच्या मागचा. थोड्या वेळात आमच्या गॅलरीत गिरणीतली ती सगळी रिकामी माणसं उभी होती, आणि भजनी मंडळाचे बुवा विचारत होते, "चाल कोणाची?"

"आमच्या सदूची," वडील म्हणाले. "माझ्या झिलान बांधल्यान."

त्या वर्षात ते इतके ताठ बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. आता सांगा, त्या माणसासमोर मी काय बोलणार होतो?

बुवांनी तिथेच शब्द बसवले. *साथ द्या, साथ द्या, थांबू नका पाय.* आठवड्याभरात ते गाणं गिरणीच्या फाटकावरच्या सभेत गेलं, तिथून मोर्च्यात गेलं, बायकांच्या तोंडी गेलं. लालबागपासून परळपर्यंत मी ते ऐकत चालायचो आणि माणसं मला बघून हात वर करायची. मला ते आवडलं नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल.

लॉरीला मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो.

नाताळ जवळ आला आणि चर्चशेजारच्या हॉलात गाण्याची तालीम ठरली. खिडकीत बाळ येशूच्या देखाव्यातल्या चरणीसाठी आणलेला पेंढा रचून ठेवला होता, त्याचा गोडसर वास हॉलभर पसरला होता. गाणारी वीसेक माणसं असतील. पुढे हार्मोनियमवर क्वायरचे मास्तर, शिस्तीचे, चष्मा नाकावर घसरलेला. लॉरी गिटार घेऊन उभा राहिला, मी खाली ढोलकी घेऊन बसलो. त्याने पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या दाराशी पोचायच्या आतच गाणाऱ्यांतली फिलोमिना टाळ्या वाजवून हसली. तिचा नवरा परळच्या गिरणीत होता, ती मोर्च्यांत जायची. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, खरोखर आनंदच झाला होता तिला.

"अगं बाई, हे तर आमच्या मोर्च्यातलं!" ती म्हणाली. "साथ द्या, साथ द्या! सगळं लालबाग म्हणतंय."

हॉलात कुजबुज झाली. मास्तरांनी हार्मोनियमवरचे हात उचलले.

"लॉरेन्स, तू म्हणालास चाल तुझी आहे."

"माझीच आहे, मास्तर."

"मग ही काय खोटं बोलते?"

लॉरी गोंधळला होता. त्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. मग मास्तर माझ्याकडे वळले. "सदानंद, तू लालबागचा. तू सांग."

पेंढ्याचा तो वास अजून नाकात आहे. मी म्हणालो, "आमच्याकडे संपाच्या सभेत म्हणतात हे."

वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच्या पुढे आणखी एक वाक्य यायला हवं होतं. लॉरी माझ्याकडे बघत त्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होता. मला दिसत होते ते वडील, पखवाजावर ताठ बसलेले. मी ढोलकीची दोरी आवळायला लागलो. ती आधीच आवळलेली होती.

"देवाच्या घरात चोरीची चाल नको," मास्तर म्हणाले. "जुनीच गाणी घेऊ."

लॉरी भांडला नाही. गिटार खोळीत घातली. त्याचे कान लाल झाले होते, लहान मुलाचे होतात तसे. आम्ही दोघं बाहेर आलो. वाडीत तारे लागलेले होते. चालता चालता तो म्हणाला, "पखवाज परत वाजवतायत ना काका?"

"हो," मी म्हणालो.

"चांगलं झालं," तो म्हणाला.

त्याला सगळं कळलं होतं. जे मला सांगायचं होतं ते त्याने माझ्याआधी ओळखलं, माझ्या वडिलांसाठी ते गिळलं आणि मला सांगायची जागाच ठेवली नाही, असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला पटवत राहिलो. जागा होती. रस्ता होता, वाडी होती, पुढची सगळी वर्षं होती.

वडिलांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. ते एका दुकानावर राखणीला बसले. पण पखवाज शेवटपर्यंत खुंटीला गेला नाही, आणि त्यांना कोणी विचारलं की ते सांगायचे, चाल आमच्या सदूची.

लॉरीने त्यानंतर स्वतःची चाल लावली नाही. हे फार कमी लोकांना माहीत आहे. लोकांना आठवतो तो पुढचा लॉरी, मराठी ख्रिस्ती गाण्यांच्या कॅसेटी काढणारा. घराच्या मागच्या खोलीत भिंतींवर आईच्या गोधड्या ठोकून त्याने स्टुडिओ केला होता. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, खिडकी बंद, आणि शेजारच्या पोपटाच्या पिंजऱ्यावर कापड. वसईहून, माझगावहून, उत्तनहून क्वायर यायचे. घाबरलेल्या, घामाघूम बायांकडून तो असं गाऊन घ्यायचा, की कॅसेट ऐकताना त्यांचाच विश्वास बसायचा नाही. जुनी रॉकवाली सवय त्याने सोडली नव्हती. भक्तिगीताच्या मागे अचानक सागवानी गिटार गुरगुरायची, आणि एखादे फादर विचारायचे, "लॉरेन्स, हे जरा जास्त नाही का होत?" तो म्हणायचा, "फादर, देव बहिरा नाही, पण मागच्या बाकावरची माणसं आहेत." ढोलकीला दर वेळी मीच असायचो. दुसऱ्या कोणाला त्याने कधी बोलावलं नाही.

एक रीत मात्र त्याने तेव्हापासून पाळली. बटण दाबल्यावर पहिलं वाक्य गाण्याचं नसायचं. समोरच्याला तो म्हणायचा, "आधी चाल कोणाची ते सांग. मग गा." कोणी वसईची म्हातारी माइकजवळ वाकून म्हणायची, "चाल माज्या बापाची." कोणी म्हणायचं, "ठाऊक नाही, जुनी आहे." तेही टेपवर जायचं. कॅसेट बाजारात जाताना ते वाक्य कापलं जायचं, पण मूळ टेपवर तो ते राखायचा. मी ढोलकी घेऊन बाजूला बसलेला असायचो आणि दर वेळी ते ऐकायचो. त्याने माझ्याकडे कधी मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी नाताळच्या आधी त्याने मला बोलावलं. छातीच्या दुखण्याने तो खूप वाळला होता. केस पुन्हा लांब वाढवले होते, पांढरे. रिटाने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली, खांद्याला ती पेलत नव्हती.

"सद्या, एक गाणं राहिलंय," तो म्हणाला आणि त्याने तारा छेडल्या.

दोनदा सावकाश. मग एक जोराचा. मग श्वास.

 इतक्या वर्षांत ती चाल त्याच्या हातून मी ऐकली नव्हती. त्याने बटणावर बोट ठेवलं, लाल दिवा लागला, आणि माइक त्याने स्वतःकडे न ओढता माझ्याकडे वळवला.

"बोल," तो म्हणाला. "चाल कोणाची?"

वडील जाऊन किती तरी वर्षं झाली होती. खोलीत आम्ही तिघंच होतो. गोधड्यांवर आँटींचे टाके होते. कोणाचं काहीही बिघडणार नव्हतं. मी माइकजवळ वाकलो आणि म्हणालो, "आपली."

लॉरी हसला. हसताना त्याला खोकला आला. "आपली म्हणे," तो रिटाला म्हणाला, आणि गायला लागला. तिसऱ्या दाराशी त्याचा आवाज फाटला. या वेळी तो मुद्दाम फाडलेला नव्हता.

नंतर फुगे खाल्ले. त्याने निघताना विचारलं, "परत येशील ना?" मी म्हटलं, "येतो की, नाताळ झाला की निवांत येतो." निवांत आल्यावर सांगायचं, असं मनाशी ठरवून मी तो जिना उतरलो. नाताळ झाला, आणि तारे काढायच्या आत लॉरी गेला.

रिटा, तुझ्यासाठी मी फोन उचलला होता, पण फोनवर मी पुन्हा काहीतरी गुळगुळीत बोलेन अशी भीती वाटली. म्हणून हे लिहिलं. टेपवरचं माझं 'आपली' कापून टाक. चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांग, चाल लॉरेन्सची, पीठ त्याच्या आईच्या हातचं. लालबागच्या लोकांना मी सांगतो, शालही परत करतो. मोर्च्यात आमची माणसं ज्या चालीवर चालली ती खोताच्या वाडीतून आली होती, हे त्यांना आवडेल असं मला आता वाटतं.

एवढं सगळं झालं तरी जे त्या जिन्यावर उभं राहून म्हणायचं होतं ते उरतंच. मी ते पुष्कळदा घोकलं आहे, मोठं भाषणासारखं. घोकून घोकून ते आता एवढंच राहिलंय:

लॉरी, चाल तुझी. मास्तरांनी विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं. माफ कर रे.